सार्वकालिक क्रिकेट संघ कसा निवडायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरा नावं लिहायला पाच मिनिटं पुरतात. त्या अकरा नावांचा संघ होतो का, हे तपासायला मात्र पुष्कळ वेळ जातो. मी कित्येक वर्षं असे संघ निवडत आलो आहे, वहीत खाडाखोड करत आलो आहे. त्या ओघात मला जे प्रश्न पडले आणि इतरांनी पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची ही उत्तरं.

सुरुवात कुठून करायची? नावांपासून?

नको. आधी सामना ठरवा. हे अकरा जण कुठे खेळणार, किती दिवस, पावसात झाकलेल्या खेळपट्टीवर की उघड्या, कुठल्या काळातल्या नियमांनी, हे कागदावर लिहा आणि मगच पहिलं नाव लिहा. बहुतेक वाद इथेच मिटतात. एक जण मनात लॉर्ड्सची ढगाळ सकाळ धरून इंग्लंडच्या जुन्या गोलंदाजाला, सिडनी बार्न्सला घेतो. दुसरा चेन्नईतला पाचवा दिवस धरून श्रीलंकेच्या फिरकी गोलंदाजाला, मुरलीधरनला घेतो. आपापल्या जागी दोघंही बरोबर असतात, तरी तासभर भांडतात, कारण सामना कुठला हेच ठरलेलं नसतं.

खालच्या उत्तरांसाठी मी धरलेला सामना असा आहे: पाच कसोट्यांची मालिका, पाच वेगवेगळ्या देशांत, पाच दिवसांची कसोटी, सहा चेंडूंचं षटक, झाकलेली खेळपट्टी आणि आजचा पायचीतचा नियम. शिवाय जुन्या खेळाडूंना आजची बॅट, आजची साधनं आणि सरावाला सहा महिने. ही शेवटची सवलत मला फार महत्त्वाची वाटते. ती दिली नाही तर १९३० च्या आधीच्या सगळ्यांवर अन्याय होतो.

वेगवेगळ्या काळातल्या खेळाडूंची तुलना मुळात होऊ शकते का?

होऊ शकते, पण एकाच मार्गाने: प्रत्येकाला त्याच्या बरोबरीच्या लोकांशेजारी उभं करायचं. त्याच खेळपट्ट्या, तोच चेंडू, तेच नियम असताना इतरांना काय जमलं आणि याला काय जमलं, ते बघायचं. दोन काळांतले आकडे थेट एकमेकांसमोर ठेवले की गोंधळ ठरलेला.

इंग्लंडचा गोलंदाज जॉर्ज लोहमनचं उदाहरण घ्या. १९व्या शतकात १८ कसोट्यांत त्याने ११२ बळी घेतले, सरासरी १०.७५ (एका बळीमागे दिलेल्या धावा, म्हणजे जितकी कमी तितकी चांगली). नुसता आकडा बघून संघ निवडणारा लोहमनला डोळे मिटून घेईल. पण त्यातले ३५ बळी १८९५-९६ च्या एकाच दौऱ्यात, तीन कसोट्यांत, तेव्हाच्या अगदी नवख्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आहेत, आणि त्या काळात सगळ्याच गोलंदाजांच्या सरासऱ्या आजच्यापेक्षा खूप कमी असत. लोहमन मोठा होताच. फक्त १०.७५ म्हणजे वेस्ट इंडीजच्या माल्कम मार्शलच्या २०.९४ पेक्षा दुप्पट चांगला, असा हिशोब होत नाही.

आता हीच फूटपट्टी ब्रॅडमनला लावा. ५२ कसोट्या, ६,९९६ धावा, सरासरी ९९.९४. त्याच काळात वॉली हॅमंडची ५८.४५, हर्बर्ट सटक्लिफची ६०.७३, जॉर्ज हेडलीची ६०.८३. हे तिघंही कुठल्याही यादीत शोभतील असे फलंदाज आहेत, आणि ब्रॅडमन त्यांच्याही पुढे जवळजवळ चाळीस धावांनी आहे. दुसऱ्या कुठल्याही फलंदाजाने आपल्या काळातल्या उत्तमांना इतकं मागे टाकलेलं नाही. म्हणून ब्रॅडमनच्या जागेवर मी कधी चर्चा करत नाही.

पण ब्रॅडमन फक्त दोनच देशांत खेळला. आजच्या वेगापुढे त्याचं काय झालं असतं?

तो कसोटी क्रिकेट ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमध्येच खेळला, हे खरं. पण त्याला अडवायला काय काय करून बघितलं गेलं, तेही लक्षात घ्या. १९३२-३३ मध्ये इंग्लंडने शरीरवेधी गोलंदाजी आणली ती मुख्यतः त्याच्यासाठी. लेग बाजूला क्षेत्ररक्षकांचं कडं, हॅरोल्ड लारवूडचा वेग, अंगावर येणारे आखूड टप्प्याचे चेंडू, आणि डोक्यावर फक्त कापडी टोपी. त्या मालिकेत ब्रॅडमनची सरासरी ५६.५७ होती. त्याच्यासाठी ते अपयश मानलं गेलं. इतर बहुतेकांची अख्खी कारकीर्द त्या आकड्यापर्यंत पोचत नाही.

उघड्या खेळपट्ट्यांमुळे खरंच एवढा फरक पडत होता?

किती पडत होता ते एका कसोटीतून दिसतं. जानेवारी १९३७, मेलबर्न. ऑस्ट्रेलिया मालिकेत ०-२ ने मागे, कर्णधार ब्रॅडमन. पहिल्या डावात ९ बाद २०० वर त्याने स्वतःहून डाव घोषित केला, कारण पाऊस पडून गेला होता आणि खेळपट्टी चिकट झाली होती. अशा खेळपट्टीवर ऊन पडलं की चेंडू कधी छातीपर्यंत उसळतो, कधी घोट्याशी राहतो. इंग्लंडने ९ बाद ७६ वर डाव घोषित केला, तोही मुद्दाम: ऑस्ट्रेलियाला त्याच चिखलात खेळायला लावावं म्हणून.

ब्रॅडमनने काय केलं? फलंदाजीचा क्रमच उलटा केला. तळाचे बिल ओ'रायली आणि फ्लीटवूड-स्मिथ सलामीला पाठवले. ओ'रायली पहिल्याच चेंडूवर गेला, पण वेळ निघाला. खेळपट्टी सुकत गेली. पाच बाद ९७ असताना सातव्या क्रमांकावर ब्रॅडमन आला आणि त्याने जॅक फिंगल्टनबरोबर ३४६ धावांची भागीदारी केली. ब्रॅडमन २७०, फिंगल्टन १३६. ऑस्ट्रेलियाने ती कसोटी जिंकली आणि पुढे मालिकाही ३-२ ने घेतली.

या एका कसोटीत कळून घेण्यासारखं बरंच आहे. तेव्हा फलंदाजाच्या खात्यात कधी चिकट खेळपट्टीवरचे डाव जमा व्हायचे, कधी सुकलेल्या पाटा खेळपट्टीवरचे, आणि सरासरीत दोन्ही मिसळून जायचे. आणि ब्रॅडमन स्वतः चिकट खेळपट्टीवर उभा राहण्यापेक्षा ती टाळायला बघत होता. चिकट खेळपट्टीचा राजा म्हणायचं तर इंग्लंडच्या जॅक हॉब्जला. १९२६ मध्ये ओव्हलवर पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर हॉब्जने १०० आणि सटक्लिफने १६१ धावा काढल्या, दोघांची सलामी १७२ ची. ॲशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेचा मान, त्या भागीदारीने परत मिळवली. तुमचा काल्पनिक सामना उघड्या खेळपट्टीवर असेल, तर हॉब्जचं नाव सगळ्यात आधी लिहा.

नियम बदलल्याचा हिशोब कसा धरायचा?

तीन बदल लक्षात ठेवले तरी पुरे. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ऑफ स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देताच येत नव्हतं. फलंदाज सरळ पॅड पुढे करून चेंडू सोडून देत. म्हणजे त्या आधीच्या इनकटर (टप्पा पडून आत येणारा चेंडू) टाकणाऱ्याला आणि ऑफस्पिनरला मिळालेले बळी आजच्यापेक्षा जास्त कष्टाचे आहेत. नो-बॉल १९६० च्या दशकापर्यंत मागच्या पायावरून ठरत असे. पाय घासत पुढे येणारे वेगवान गोलंदाज फलंदाजाच्या बरेच जवळ येऊन चेंडू सोडत. आणि डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयाची तंत्रज्ञानाने फेरतपासणी, आल्यापासून फिरकी गोलंदाजांना पुढे आलेल्या पायावर पायचीत मिळू लागले. बेदी-प्रसन्नांच्या काळात तसे निर्णय क्वचित मिळत. आजच्या डीआरएसने बेदीचे २६६ बळी कुठवर गेले असते, हा विचार मी नेहमी करतो.

बाकी बदल खूप आहेत. ऑस्ट्रेलियात १९७९ पर्यंत आठ चेंडूंचं षटक होतं. वेळेचं बंधन नसलेल्या कसोट्या होत्या. १९३९ ची डर्बनची कसोटी दहा दिवस चालूनही अनिर्णित सोडावी लागली, कारण इंग्लंडच्या संघाला बोट गाठायची होती. त्या वेळी ६९६ धावांचा पाठलाग करताना ते ५ बाद ६५४ वर होते.

किमान किती कसोट्या खेळलेला खेळाडू घ्यावा?

आकडा ठरवू नका, कारण विचारा. कमी कसोट्या खेळण्याची कारणं दोन प्रकारची असतात. एक, खेळाडूला संघात जागा टिकवता आली नाही. दोन, इतिहासाने त्याची वाट अडवली.

दुसऱ्या प्रकारचे लोक पुष्कळ आहेत. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका १९७० ते १९९१ कसोटी क्रिकेटच्या बाहेर राहिली. बॅरी रिचर्ड्सच्या वाट्याला चार कसोट्या आल्या: ५०८ धावा, सरासरी ७२.५७. माइक प्रॉक्टरच्या सात कसोट्यांत ४१ बळी, सरासरी १५.०२. ग्रॅम पोलॉक २३ कसोट्या खेळून ६०.९७ च्या सरासरीवर थांबला. त्याच व्यवस्थेने कातडीच्या रंगावरून ज्यांना मैदानाच्या आतच येऊ दिलं नाही, त्यांचे तर आकडेही आपल्याकडे नाहीत. ही यादी करताना तेही मनात असू द्या.

महायुद्धांनीही असंच केलं. विजय मर्चंटची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४, ब्रॅडमननंतर जगात दुसरी. कसोट्या फक्त दहा, १९३३ ते १९५१ अशा अठरा वर्षांत पसरलेल्या, सगळ्या इंग्लंडविरुद्ध. शेवटच्या कसोटीत, दिल्लीत, त्याने १५४ धावा केल्या. अशा माणसाला 'दहाच कसोट्या' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. माझा नियम असा: कसोट्या कमी असतील तर प्रथम श्रेणीची कारकीर्द उघडायची आणि ती दीर्घ आणि भक्कम असेल तर खेळाडूला पूर्ण हक्काने विचारात घ्यायचं.

सध्या खेळणाऱ्यांना घ्यावं का?

शक्यतो नको. रिकी पाँटिंगची सरासरी २००६ च्या अखेरीस साठला टेकली होती, ती ५१.८५ वर संपली. विराट कोहली २०१९ मध्ये ५५ च्या आसपास होता, निवृत्त झाला तेव्हा ४६.८५. दोघंही थोरच, पण कारकिर्दीच्या ऐन भरात घेतलेला निर्णय आणि नंतरचा निर्णय यांत फरक पडतो. अपवाद मी एकच करतो, तो पुढे येईल.

वॉर्न की मुरलीधरन?

हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो तितका दुसरा कुठला विचारला जात नसेल, म्हणून आकडे सरळ मांडतो. मुरलीधरन: १३३ कसोट्या, ८०० बळी, सरासरी २२.७२. वॉर्न: १४५ कसोट्या, ७०८ बळी, सरासरी २५.४१. इथवर मुरली पुढे. पण मुरलीच्या ८०० पैकी १७६ बळी बांगलादेश आणि झिम्बाब्वेविरुद्ध आहेत, वॉर्नचे त्या दोघांविरुद्ध १७. उलट बाजूने बघा: वॉर्नच्या बाजूला मॅकग्रासारखा वेगवान गोलंदाज होता, मुरलीला बहुतेक वेळा एकट्याने दोन्ही टोकांचा भार उचलावा लागला.

परदेशातल्या एकेका जागी दोघंही अडकले. वॉर्नला भारतात नऊ कसोट्यांत ३४ बळी मिळाले, सरासरी ४३.११. मुरलीला ऑस्ट्रेलियात पाच कसोट्यांत १२ बळी, सरासरी ७५.४१. माझ्या मालिकेत पाच देश आहेत आणि माझ्या संघात बाकीचे गोलंदाज तगडे आहेत, म्हणून मी वॉर्नला घेतो. वेगवान गोलंदाजांच्या जोडीने, थोड्या षटकांत, उसळत्या खेळपट्टीवरही बळी काढणं त्याला जास्त जमलं. तुमच्या संघातली बाकीची गोलंदाजी कमकुवत असेल, तर डोळे मिटून मुरली घ्या. एका टोकाकडून दिवसभर चेंडू टाकत अख्खा संघ बाद करणारा त्याच्यासारखा दुसरा झालेला नाही.

यष्टिरक्षक फलंदाजीवर निवडायचा की यष्टिरक्षणावर?

तुमचे गोलंदाज कोण आहेत त्यावर. संघात वॉर्नसारखा लेगस्पिनर आणि बार्न्ससारखा चेंडू दोन्हीकडे वळवणारा गोलंदाज असेल तर स्टंपजवळ उभा राहणारा हात पक्का हवा. ॲलन नॉट याबाबतीत अनेक जाणकारांचा पहिला पसंतीचा माणूस आहे. ॲडम गिलख्रिस्टने वॉर्नला वर्षानुवर्षं यष्टींमागून सांभाळलं आणि ४७.६० च्या सरासरीने, शंभर चेंडूंत ८२ च्या वेगाने धावा केल्या. म्हणून माझ्या संघात तो.

एक फसगत मात्र टाळा. कुमार संगकाराची एकूण सरासरी ५७.४० बघून त्याला यष्टिरक्षक म्हणून घेतलं जातं. यष्टिरक्षण केलेल्या ४८ कसोट्यांत त्याची सरासरी ४०.४८ होती आणि नुसता फलंदाज म्हणून ६६.७८. दोन्ही कामं एकाच वेळी त्याच्या अंगावर टाकून वरचा आकडा मागता येत नाही. याच्या उलट ॲन्डी फ्लॉवर: यष्टींमागे उभा राहूनही त्याची सरासरी पन्नासच्या वर राहिली.

सलामीला मधल्या फळीतला मोठा फलंदाज ढकलला तर चालतो का?

नाही. नव्या चेंडूपुढे उभं राहणं हे वेगळं काम आहे. कागदावर लारा सलामीला लिहिता येतो, पण त्याने ती जागा कमावलेली नाही. गावसकरने कमावली आहे. १९७१ मध्ये पदार्पणाच्या मालिकेत, वेस्ट इंडीजमध्ये, चार कसोट्यांत ७७४ धावा. एकूण ३४ शतकांपैकी १३ वेस्ट इंडीजविरुद्ध. त्या तेरांतली सगळी काही पूर्ण ताकदीच्या वेगवान माऱ्यासमोर नव्हती, हे मान्य करायला हवं. पण १९८३ मध्ये मार्शल आणि होल्डिंगसमोर दिल्लीत १२१ आणि चेन्नईत नाबाद २३६ आहेत, आणि ते शंका मिटवायला पुरेसे आहेत.

अष्टपैलू किती हवेत?

खरा एक पुरतो. वेस्ट इंडीजचा गारफिल्ड सोबर्स असेल तर तो एकच तिघांचं काम करतो: ८,०३२ धावा, सरासरी ५७.७८, २३५ बळी, १०९ झेल. डावखुरा मध्यमगती, डावखुरी ऑर्थोडॉक्स फिरकी आणि मनगटी फिरकी, तिन्ही प्रकार तो टाकायचा. दक्षिण आफ्रिकेच्या कॅलिसचे आकडे त्याच्या तोडीस तोड आहेत: १३,२८९ धावा, २९२ बळी. तरी सोबर्सची विविधता कॅलिसकडे नव्हती. आणि सार्वकालिक संघात पाचवा गोलंदाज लागतो तो मुख्य चौघांपेक्षा वेगळं काही टाकणारा.

भारताचा सार्वकालिक कसोटी संघ कोणता?

गावसकर, सेहवाग, द्रविड, तेंडुलकर, विजय हजारे, विनू मांकड, धोनी, कपिल देव, कुंबळे, बुमरा, आणि अकरावी जागा मी मैदान बघून भरतो: भारतात अश्विन, बाहेर झहीर खान.

हजारे आणि मांकडवर हरकत घेतली जाते, म्हणून थोडं सविस्तर. जानेवारी १९४८, ॲडलेड. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केलेल्या, समोर लिंडवॉल आणि मिलर. हजारेने दोन्ही डावांत शतक काढलं, ११६ आणि १४५. भारत डावाने हरला, त्यामुळे ही खेळी आकड्यांच्या गर्दीत दबून गेली. हरणाऱ्या संघासाठी, जगातल्या सर्वोत्तम वेगवान जोडीसमोर, एकाच कसोटीत दोनदा असं उभं राहणं मला द्विशतकापेक्षा मोठं वाटतं.

आणि मांकड! लॉर्ड्स, १९५२. पहिल्या डावात ७२ धावा. मग ७३ षटकं गोलंदाजी, १९६ धावांत ५ बळी. त्यानंतर लगेच पुन्हा पॅड बांधून १८४. हीही कसोटी भारत हरला. एक ते अकरा या प्रत्येक क्रमांकावर कसोटीत फलंदाजी केलेल्या मोजक्या माणसांत तो आहे. म्हणजे संघाला जिथे भगदाड पडेल तिथे मांकडला उभं करत. रवींद्र जडेजा क्षेत्ररक्षणात त्याच्या पुढे आहे, आणि भारतातल्या खेळपट्टीवर कुणी जडेजाला घेतलं तर मी वाद घालणार नाही.

बुमरा हा मघाशी म्हटलेला अपवाद. २०० कसोटी बळी पूर्ण झाले तेव्हा त्याची सरासरी २० च्या आत होती, आणि एवढे बळी असलेल्या दुसऱ्या कुणाला हे आजवर जमलेलं नव्हतं. राखीव म्हणून मी मोहम्मद निसारला घेतो. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्याच कसोटीत त्याने ९३ धावांत ५ बळी घेतले, आणि वाट्याला आल्या सहाच कसोट्या.

इतर देशांचे संघ निवडताना अडचण कुठे येते?

प्रत्येक देशाची अडचण वेगळी असते, आणि ती शोधण्यातच मजा आहे. वेस्ट इंडीजमध्ये वेगवान गोलंदाज कुणाला वगळायचं हे संकट: मार्शल, ॲम्ब्रोज, होल्डिंग, गार्नर, रॉबर्ट्स, हॉल, वॉल्श. गार्नरची सरासरी २०.९७, आणि तरी तो बाहेर राहू शकतो. तिथे यष्टिरक्षकाची जागा सुटत नसेल तर क्लाइड वॉलकॉटचा विचार करा. ५६.६८ ची सरासरी असलेला हा फलंदाज कारकिर्दीच्या सुरुवातीला यष्टिरक्षण करत असे.

पाकिस्तानकडे इम्रान, वासिम, वकार, शिवाय १९५४ मध्ये ओव्हलवर १२ बळी घेणारा फझल महमूद. डोकं खाजवावं लागतं ते सलामीला हनीफ मोहम्मदच्या जोडीदारासाठी. श्रीलंकेत चामिंडा वासच्या जोडीचा वेगवान गोलंदाज शोधावा लागतो. न्यूझीलंडमध्ये रिचर्ड हॅडलीच्या भोवती संघ आपोआप उभा राहतो. ऑस्ट्रेलियात तर दोन संघ निघतात, आणि दुसरा संघही जगाला भारी पडावा.

लहान संघांतल्या खेळाडूंकडे मुद्दाम बघा. २००० मध्ये भारतात दोन कसोट्यांत ॲन्डी फ्लॉवरने १८३ नाबाद, ७०, ५५ आणि २३२ नाबाद अशा ५४० धावा केल्या. तो दुसऱ्या कुठल्या देशाचा असता, तर प्रत्येक जागतिक यादीत त्याचं नाव निदान चर्चेला आलं असतं.

एकदिवसीय सामन्यांसाठी हाच संघ चालेल का?

चालणार नाही. तिथे तर एका प्रकारातच तीन खेळ झाले आहेत. १९८३ पर्यंतचे विश्वचषक साठ षटकांचे, मग पन्नास षटकं, मग २०११ पासून बरीच वर्षं दोन्ही टोकांकडून वेगळा नवा चेंडू, त्यामुळे रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुना चेंडू हवेत उलट्या दिशेला वळवणं, जवळपास गेला. तरी दोन नावं मी कुठल्याही काळासाठी लिहीन. व्हिव्ह रिचर्ड्स: सरासरी ४७, शंभर चेंडूंत ९० धावा, तेही १९७५ ते १९९१ मध्ये, जेव्हा साठ-सत्तरचा वेग चांगला मानत. आणि जोएल गार्नर: षटकाला ३.०९ धावा.

महिलांचे सार्वकालिक संघ कसे निवडायचे?

कसोट्या इतक्या कमी झाल्या आहेत की वर सांगितलेला 'कारण विचारा' हा नियम इथे सगळ्यांनाच लागू करावा लागतो. बेटी विल्सनने ११ कसोट्यांत ५७.४६ च्या सरासरीने धावा केल्या आणि ११.८० च्या सरासरीने ६८ बळी घेतले. एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी ही कामगिरी १९५८ मध्ये तिने केली, तेव्हा पुरुषांतही ती कुणी केलेली नव्हती. एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतकही सचिनचं नाही. बेलिंडा क्लार्कने १९९७ मध्ये, सचिनच्या बारा वर्षं आधी, नाबाद २२९ केल्या होत्या. मिताली राज आणि झुलन गोस्वामी माझ्या एकदिवसीय संघात कायमच्या आहेत.

लोकांनी निवडलेल्या प्रसिद्ध संघांवर किती भरवसा ठेवावा?

२०११ मध्ये, दोन हजाराव्या कसोटीच्या निमित्ताने, आयसीसीने चाहत्यांच्या मतांवरून संघ जाहीर केला: सेहवाग, गावसकर, ब्रॅडमन, तेंडुलकर, लारा, कपिल, गिलख्रिस्ट, वॉर्न, वासिम, ॲम्ब्रोज, मॅकग्रा. उत्तम खेळाडू आहेत सगळे. पण ब्रॅडमन सोडला तर १९७१ च्या आधी पदार्पण केलेला एकही नाही. सोबर्स नाही, हॉब्ज नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेच लोकांनी निवडलं.

ब्रॅडमनने स्वतः निवडलेला जागतिक संघ त्याच्या निधनानंतर, २००१ मध्ये, समोर आला. त्यात अकरांपैकी सात ऑस्ट्रेलियन होते. ज्यांच्याबरोबर आणि ज्यांच्यासमोर आयुष्य गेलं, त्यांच्याकडे मन ओढ घेतं. माझ्या पहिल्या वहीतल्या संघातही जुना म्हणावा असा ब्रॅडमन एकटाच होता. तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो: संघ पूर्ण झाला की ज्यांचं चित्रीकरण उपलब्ध नाही किंवा फार थोडं आहे, अशा पाच जणांची कारकीर्द बसून वाचायची आणि मगच संघ पक्का करायचा.

मग तुमचा संघ कोणता?

हॉब्ज, गावसकर, ब्रॅडमन (कर्णधार), तेंडुलकर, हेडली, सोबर्स, गिलख्रिस्ट, इम्रान, मार्शल, वॉर्न, बार्न्स.

पाचव्या क्रमांकावर मी सर्वांत जास्त अडलो. व्हिव्ह रिचर्ड्स आणि लाराला बाहेर ठेवताना हात जड झाला. पण जॉर्ज हेडलीने २२ कसोट्यांत दहा शतकं काढली ती दुबळ्या फलंदाजीचं ओझं एकट्याच्या खांद्यावर घेऊन. १९३९ मध्ये लॉर्ड्सवर दोन्ही डावांत शतक, आणि मग युद्ध. तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

बार्न्सबद्दल विचारणा होतेच. १८९ बळी, २७ कसोट्या, सरासरी १६.४३. त्यातले ४९ बळी दक्षिण आफ्रिकेत मॅटिंगच्या (चटई अंथरलेल्या) खेळपट्टीवर, चार कसोट्यांत आले, म्हणून लोक शंका घेतात. त्यांनी १९११-१२ चा ऑस्ट्रेलिया दौरा बघावा. ३४ बळी, आणि मेलबर्नला सुरुवातीच्या ११ षटकांत ६ धावांत ५ जण तंबूत.

बारावा खेळाडू कोण?

बहुतेक जण इथे उरलेला मोठा फलंदाज टाकतात. पण डोक्याला मार लागलेल्याच्या जागी येणारा सोडला, तर बदली खेळाडूला फलंदाजी करता येत नाही, गोलंदाजीही नाही. तो येतो क्षेत्ररक्षणाला. म्हणून माझा बारावा एकनाथ सोलकर: २७ कसोट्या, ५३ झेल. २३ ऑगस्ट १९७१, ओव्हल. पहिल्या डावात ९० काढलेला ॲलन नॉट वेंकटराघवनचा चेंडू पुढे येऊन खेळला, बॅटची कड लागली आणि सोलकरने फॉरवर्ड शॉर्ट लेगवरून, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळून, पुढे झेप घेऊन, पोटावर आडवा पडून, जमिनीपासून काही इंचांवर चेंडू उचलला. नॉट १ वर गेला, इंग्लंड १०१ मध्ये संपलं. वॉर्नच्या गोलंदाजीवर ती जागा रिकामी झाली, तर तिथे मला तोच हवा.